पश्चिमेची भिंत

आमच्या कॉलेजच्या आवारात मुलींचं जुनं वसतिगृह आहे, ते मी बांधलं. मी आर्किटेक्ट नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून संस्थेच्या इमारत विभागात लागलो आणि इथेच केस पिकले. पण त्या वसतिगृहाचा नकाशा माझा, खिडक्यांची मापं माझी आणि दरवाजांचा चॉकलेटी रंगसुद्धा मीच ठरवलेला. उद्घाटनाला संस्थेच्या अध्यक्षांनी मला मंचावर बोलावून शाल दिली होती. ती शाल अजून आमच्या कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत आहे, आणि दर दिवाळीला बायको ती कुणाला तरी देऊन टाकायचा विषय काढते.

त्यामुळे संस्थेनं नवं वसतिगृह बांधायचं ठरवलं, तेव्हा ते काम माझंच, हे मी धरून चाललो. कुणी सांगायची वाट बघितली नाही. तीन रविवार जेवणाच्या टेबलावर कागद पसरून आराखडा काढला. जुन्यासारखाच, फक्त मोठा. मधोमध लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या, सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या, वर सपाट गच्ची. कागदांची गुंडाळी नळकांड्यात घातली आणि नवा शर्ट घालून बैठकीला गेलो.

बैठकीत माझ्या नेहमीच्या खुर्चीवर एक तरुण बाई बसली होती. जवळ गेल्यावर ओळखलं. पेठकडच्या डोंगरातल्या एका गावातून येऊन आमच्याच कॉलेजात आर्किटेक्चर शिकलेली मुलगी. पाच वर्षं माझ्या वसतिगृहात राहिली, पुढे बाहेर शिकायला गेली, आणि आता नाशिकला परत येऊन स्वतःचं काम करत होती. मला बघून ती उठली, खुर्ची मला दिली आणि म्हणाली, "बसा ना, सर." कॉलेजात शिकवणाऱ्यांना सर म्हणतात, मला सगळे साहेब म्हणतात. ही एकटीच मला पहिल्यापासून सर म्हणायची. खेड्यातून आल्यामुळे तिला फरक कळत नसावा, असं मी समजत आलो होतो.

मग दिवे मालवले आणि पडद्यावर पहिलं चित्र आलं. माझं वसतिगृह. वरच्या मजल्यावरची एक खिडकी, तिला बांधलेली ओली ओढणी. "ही माझी खोली," ती म्हणाली. एप्रिलच्या दुपारी मुली ओढण्या भिजवून खिडकीला कशा लावायच्या, आणि अभ्यासाला जिन्याखाली जाऊन कशा बसायच्या, हे तिनं अगदी सरळ आवाजात सांगितलं. कुणाची तक्रार केल्यासारखं नाही. नंतर एवढंच म्हणाली की आपल्या जिल्ह्यातल्या कांदाचाळीत कांद्याला जितका वारा मिळतो, तितका या खोलीत मुलींना मिळत नाही.

आमचे निम्मे विश्वस्त निफाड-येवल्याकडचे शेतकरी. त्यांना पुढचं एक अक्षर सांगायची गरज उरली नाही. चाळीत वारा कमी पडला की काय होतं ते त्यांना पक्कं माहीत. सगळे हसले. मीही हसलो, न हसून काय करणार. कान मात्र असे तापले की शेजारच्याला कळेल असं वाटलं.

नवी इमारत उन्हाळ्यात एसी-कूलरशिवाय गार राहील आणि दिवसा दिवे लावावे लागणार नाहीत, असं ती म्हणाली. अध्यक्षांना ते फार आवडलं. आधी मुलींची इमारत बांधू, ती तशी झाली तर शेजारी मुलांचीही तिच्याकडूनच करून घेऊ, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. बैठक संपल्यावर ती मुद्दाम माझ्याकडे आली आणि राग तर नाही ना आला, असं विचारलं. मी छे छे म्हणालो. माझं नळकांडं खुर्चीखाली होतं, ते कुणाचं लक्ष नसताना उचललं आणि घरी आलो.

घरी बायकोला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. कालची पोर, माझ्याच छपराखाली राहून शिकली आणि मलाच नावं ठेवते वगैरे. बायकोचं माहेर येवल्याजवळचं, घरी कांद्याच्या दोन चाळी. ती ताटं मांडत ऐकत होती. मला वाटलं, निदान ही तरी आपल्या बाजूनं बोलेल. तिनं विचारलं, "मग खोटं काय बोलली ती?" आणि थोड्या वेळानं वर, "तुमच्या पोटात दुखतंय, तेवढं सांगा की. ओवा देते."

देखरेखीचं काम माझ्याकडेच आलं. नकाशा तिचा आणि उन्हात उभा राहणार मी, असा त्याचा अर्थ. बैठकांमध्ये तिला मॅडम म्हणावं लागायचं.

इमारतीचा पहिला खड्डा खणायच्या आधी ती मोकळ्या जागेवर चार दिवस येऊन बसली. हातात रांगोळीचा डबा. झाडाची, कुंपणाच्या खांबाची, शेजारच्या मेसची सावली कुठून कुठे सरकते ते तासातासाला रांगोळीनं आखायची. मी ऑफिसातल्या लोकांना म्हणालो, भूमिपूजन अजून व्हायचंय, पण रांगोळी आधीच घालून झाली. सगळे हसले. संध्याकाळी तिथून जाताना मी त्या रेषा बघत उभा राहिलो. त्या आवारात इतकी वर्षं वावरून मला माहीत नव्हतं की दुपारी चारनंतर तिथे एवढी लांब सावली पडते. ते कळल्यावर ती जास्तच डोळ्यांत खुपायला लागली.

मग ती मुलींशी बोलली. केस कुठे वाळवता, फोनवर घरच्यांशी बोलायला कुठे जाता, परीक्षेच्या दिवसांत झोप कुठे लागते. जुनं वसतिगृह बांधताना मी कुणाला काही विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. तिचा नकाशा त्या उत्तरांमधून तयार झाला, आणि तो चांगला होता. इथेच तर सगळी अडचण होती. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातल्या राखेच्या विटा, खोलीच्या तळाशी एक झडप आणि छताशी एक झरोका, म्हणजे गार हवा खालून आत यावी आणि तापलेली वरून निघून जावी. खिडक्यांवर खोल छज्जे. गच्चीवर पांढऱ्या फरशीचे तुकडे. मी रात्रंदिवस चुका शोधत होतो. एकदा सापडली. न्हाणीघराचा एक दरवाजा उघडला की नळाला अडकत होता. ती चूक मी दोन दिवस खिशात चॉकलेट ठेवावं तशी जपली आणि बैठकीत सगळ्यांसमोर काढली. तिनं तिथेच पेन्सिलीनं दरवाजा फिरवला आणि म्हणाली, बरं झालं सर, तुम्ही बघितलंत. अध्यक्ष म्हणाले, काय छान जमतंय तुमचं दोघांचं.

मला तिचा हेवा वाटत होता. राग येत होता असं म्हणता आलं असतं, पण राग यावा असं तिनं काही केलं नव्हतं. पत्रकार तिचे फोटो काढायला यायचे, तेव्हा मी मागे सळया मोजायचं सोंग करून फोटोत येईन असा उभा राहायचो. मजूर बायका तिच्यासाठी डब्यातली भाजी काढून ठेवायच्या. मी रोज तिथे असायचो, मला कधी कुणी विचारलं नाही.

तिच्या सगळ्या योजनेत मुख्य गोष्ट होती भिंत. आपल्याकडे वीट आडवी ठेवून भरीव भिंत बांधतात. तिनं वीट काठावर उभी ठेवायला सांगितली. आत एक उभी, बाहेर एक उभी, मध्ये पोकळी, आणि थोड्या थोड्या अंतरावर दोघींना धरून ठेवायला एक आडवी. पोकळीत नुसती हवा. बाहेरची वीट तापली तरी आतल्या विटेपर्यंत ती धग पोचायला वेळ लागतो, तोवर दिवस मावळतो. जागा चिंचोळी असल्यामुळे प्रत्येक मजल्यावर तीन खोल्या पश्चिमेला आल्याच होत्या, आणि त्या खोल्यांचा सगळा भरवसा या पोकळीवर होता. हे तिनं मला तीनदा समजावून सांगितलं होतं. त्यामुळे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

आमचा मुख्य गवंडी निफाडकडचा, वीसेक वर्षं माझ्याबरोबर काम केलेला. हाताला अतिशय साफ. आपण बांधलेली भिंत थापीच्या मुठीनं वाजवून बघायची त्याची पद्धत. बद्द आवाज आला की खूश. त्याला ही पोकळ भिंत मुळीच पटली नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, हे लोकांना फसवल्यावानी वाटतं. माझ्या बापानं आयुष्यात भिंतीत पोकळी सोडली नाय." तिनं त्याला नमुन्याची भिंत बांधायला लावली आणि दुपारी दोन्ही बाजूंना हात लावून बघायला सांगितलं. त्यानं लावला, मान हलवली, आणि ताई म्हणतात तसं करू म्हणाला. पण वाजवल्यावर भिंत खोकल्यासारखी पोकळ बोलली की त्याचं तोंड कसंनुसं व्हायचं.

रोज काम सुटताना घमेल्यांत थोडा माल उरतो. कालवलेलं सिमेंट आणि वाळू, सकाळपर्यंत दगड होणारं. जुनं वसतिगृह बांधताना याच गवंड्यानं एकदा दोन घमेली माल गटारात ओतला होता. तेव्हा मी त्याला दहा माणसांसमोर झाडलं होतं. माल फेकायचा नाही, भिंतीत जिरवायचा, असं सांगितलं होतं. त्यानंतर त्या माणसानं मूठभर मालही वाया घालवला नाही. कुठेतरी भेग, कुठेतरी खोबण, त्याला जागा सापडायचीच. नव्या कामावर तिनं उरलेल्या मालासाठी मागची पायवाट नेमून दिली होती. तळमजला आणि पहिला मजला होईपर्यंत ती रोज येत होती, त्यामुळे माल पायवाटेवर पडत गेला. दुसऱ्या मजल्यावर पश्चिमेची भिंत सुरू झाली, आणि तेव्हाच तिला दुसऱ्या कामासाठी पंधरा दिवस बाहेरगावी जावं लागलं. जाताना म्हणाली, तुम्ही आहात म्हणजे मला काळजी नाही.

ती गेली त्याच संध्याकाळची गोष्ट. मजूर हातपाय धूत होते. गवंडी परांचीवर उभा, पायाशी दोन घमेली माल आणि विटांच्या तुकड्यांचा ढीग. समोर वरच्या थरातल्या उघड्या पोकळ्यांची रांग. त्यानं माझ्याकडे बघितलं.

"साहेब, माल उरलाय. आत टाकू का?"

आमच्या धंद्यात एक रीत आहे. साहेब गप्प राहिला तर त्याचा अर्थ हो. उद्या काही झालं तर साहेबानं सांगितलं नव्हतं, आणि गवंड्यानंही न विचारता केलं नव्हतं. दोघं सुटतात. ही रीत मी आयुष्यात पुष्कळदा वापरली आहे. त्या संध्याकाळी मी घड्याळात बघितलं, हेल्मेट डोक्यात घातलं आणि स्कूटरकडे चालायला लागलो. मागे विटांचे तुकडे पोकळीत पडल्याचा आवाज आला. माझ्या मनात काय होतं ते लपवत नाही. बघू आता तुझी भिंत किती गार राहते, हे होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं विचारलंही नाही. रोज दोन-तीन थर चढायचे आणि रोज संध्याकाळी त्यांचं पोट भरायचं. तो खुशीत होता, कारण भिंत आता बद्द वाजत होती. मी मध्ये दोनदा त्याला थांबवायचं ठरवलं. एकदा तर परांचीपर्यंत गेलोसुद्धा. मग कुणीतरी तिचा पेपरात आलेला फोटो दाखवला आणि मी परत फिरलो. ती आली तेव्हा दोन्ही बाजूंनी गिलावा होऊन गेला होता. तिनं भिंतीवरून हात फिरवला आणि काम सुबक झालंय म्हणाली.

उद्घाटनाला मी दुसऱ्या रांगेत होतो. शाल तिला मिळाली. भाषणात तिनं सगळ्यांचे आभार मानले, आणि मग एकदम म्हणाली की पहिल्या वर्षाला असताना मेसच्या बांधकामावर ती घाबरत घाबरत बघायला गेली होती. बाकीच्यांनी तिला हाकललं. पण तिथल्या सरांनी जवळ बोलावून हातात ओळंबा दिला आणि दोरी कशी धरायची, श्वास रोखून तो स्थिर कसा होऊ द्यायचा, ते दाखवलं. "कॉलेजात मला पहिला धडा त्यांनी दिला, म्हणून मी त्यांना सर म्हणते," असं म्हणून तिनं माझ्याकडे हात केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला तो प्रसंग आठवतसुद्धा नव्हता. मी उभा राहून नमस्कार केला, आणि नजर आपोआप दुसऱ्या मजल्याच्या पश्चिमेच्या खिडक्यांकडे गेली.

तेव्हा सांगून टाकायला हवं होतं. नाही सांगितलं. इतक्या माणसांत कसं सांगायचं, असं स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी तिथे माणसं नव्हती, तरीही नाही सांगितलं.

पुढच्या एप्रिलला ऊन असं तापलं की नाशिकला कूलर लागत नाही म्हणणारे जुने लोकही गप्प झाले. नवी इमारत मात्र खरंच गार होती. मेसमधल्या बायका जेवणानंतर तिथल्या जिन्यात येऊन पडायच्या. फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या तीन खोल्या तव्यासारख्या तापायच्या. दुपारनंतर भिंतीला पाठ टेकवत नव्हती. मुलींनी तक्रार केली. ती रोज दुपारी थर्मामीटर घेऊन त्या खोल्यांत येऊन बसू लागली. एकदा मी खालून बघितलं, तर तिथल्या खिडकीला ओली ओढणी बांधलेली होती. त्या ओढणीनं मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

दोन-चार दिवसांत अध्यक्षांनी मला बोलावलं. विश्वस्तांचं म्हणणं पडलं होतं की कागदावरचं सगळं काही खरं होत नाही, मुलांची इमारत आपल्या जुन्या पद्धतीनंच करावी. "तुमचा एक आराखडा होता ना? घेऊन या उद्या," ते म्हणाले. म्हणजे त्या बैठकीत माझं नळकांडं त्यांनी बघितलं होतं, आणि इतके दिवस तसं बोलले नव्हते. घरी येऊन माळ्यावरून नळकांडं काढलं, ओल्या फडक्यानं पुसलं. बायको म्हणाली, बऱ्याच दिवसांनी गुणगुणताय. कशाबद्दल ते मी तिला सांगितलं नाही.

बैठक दुपारी होती. मी थोडा आधी पोचलो आणि वर तिच्याकडे गेलो. का गेलो, तर आता मी जिंकलो होतो, आणि जिंकलेल्या माणसाला दोन गोड शब्द बोलायला जड जात नाही. ती लोखंडी पलंगावर बसली होती. मांडीवर वही, कपाळाला घाम. मुली वर्गात गेल्या होत्या. माझ्या हातातलं नळकांडं बघून तिनं ओळखलं असणार, पण त्याबद्दल काही बोलली नाही.

"मी सगळं पुन्हा मांडून बघितलं, सर. भिंत बरोबर असेल तर एवढी धग आत येऊच शकत नाही. आणि भिंतीपाशी तुम्ही होतात. म्हणजे माझंच गणित चुकलंय. आज बैठकीत तसं सांगते आणि मुलांच्या इमारतीतून बाजूला होते."

मी बोलायला गेलो होतो ते दोन गोड शब्द तोंडातच राहिले. ती वहीची पानं उलटत होती. आठ-दहा पानं आकड्यांनी भरलेली, खोडलेली, परत लिहिलेली. ही मुलगी चार दिवस त्या भट्टीत बसून स्वतःची चूक शोधत होती आणि ती चूक तिच्यात नव्हतीच. ती शोधत राहिली असती. पुढची इमारतही तिनं कधी धीर करून बांधली नसती. मी नळकांडं पलंगावर ठेवलं. टेबलावर खोलीचं कुलूप पडलं होतं, ते उचललं आणि उत्तरेच्या भिंतीवर दोनदा आपटलं. पोकळ आवाज आला. मग पश्चिमेच्या भिंतीवर आपटलं. बद्द.

ती उठली. परत वाजवा म्हणाली. मी वाजवलं. मग कुलूप माझ्या हातातून घेऊन तिनं स्वतः कमरेपासून डोक्याच्या उंचीपर्यंत भिंत वाजवत नेली, तीन ठिकाणी, चार ठिकाणी. सगळीकडे बद्द.

"कुणी भरली?"

मी सांगितलं. रोज संध्याकाळचा उरलेला माल. गवंड्यानं पहिल्या दिवशी मला विचारलं होतं. मी काही बोललो नव्हतो. साइटवरचं गप्प राहणं म्हणजे काय, हे तिला समजावून सांगावं लागलं नाही. तिनं एवढंच विचारलं, का. पुष्कळ कारणं देता आली असती. माणसं कमी होती, लक्ष गेलं नाही, गवंडी हट्टी आहे. पण वहीच्या त्या पानांसमोर त्यातलं एकही तोंडातून निघेना.

"मला तुझा हेवा वाटत होता," मी म्हणालो.

ती शिकत असतानाचं ते 'तू' माझ्या तोंडी कसं परत आलं, मला कळलं नाही. तिनं खिडकीवरच्या ओढणीला हात लावून बघितला. ओढणी केव्हाच वाळून गेली होती. तिनं वही मिटली आणि म्हणाली, "या तीन खोल्यांत सहा मुली राहतात, साहेब."

मग ती जिना उतरून गेली. मी नळकांडं तिथेच विसरलो. ते अजून कुणी परत आणून दिलेलं नाही आणि मीही मागितलं नाही.

बैठकीत तिच्या आधी मी उभा राहिलो आणि झालं ते सगळं सांगितलं. गवंड्याचं नाव येऊ दिलं नाही. माझी निवृत्ती दीड वर्षावर होती. मला घरी पाठवावं असं एका विश्वस्तांचं म्हणणं पडलं. तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, त्यांना काम येतं, त्यांना राहू द्या. त्यात दया नव्हती. गवंड्याला कळलं तेव्हा तो माझ्या केबिनच्या दारात उभा राहिला. आत आला नाही. म्हणाला, "तुम्ही नको म्हणला असता, तर मी टाकला असता का माल?" त्या पश्चिमेच्या भिंतीवर तिनं बाहेरून वीतभर अंतर सोडून बांबूच्या चटया लावून घेतल्या. पेठकडची माणसं येऊन त्या विणून गेली. खोल्या बऱ्याच निवल्या, पण खालच्या मजल्याइतक्या गार त्या कधीच होणार नाहीत. पोटात दगड घेऊन भिंत उभी आहे आणि फोडून काढायची तर खोल्या पाडाव्या लागतील.

घरी सांगितलं त्या रात्री बायकोनं थट्टा केली नाही. पुढच्या दिवाळीत तिनं शालीचा विषयही काढला नाही. तो तिनं काढला असता तर बरं वाटलं असतं.

आता मुलांची इमारत तिच्याच नकाशानुसार वर येतेय. रोज संध्याकाळी उरलेला माल पायवाटेवर पसरून होईपर्यंत मी जागचा हलत नाही. गवंडी घमेलं उचलण्याआधी माझ्याकडे बघतो आणि मी मोठ्यानं सांगतो, पायवाटेवर. शनिवारी ती येते. माझ्याशी नीट बोलते, मजुरांना पाणी मिळतं का विचारते, चहा दिला तर घेते. मग गवंड्याच्या हातातली थापी मागून घेते आणि आठवडाभरात बांधलेली प्रत्येक भिंत मुठीनं वाजवून बघते. फक्त पश्चिमेची नाही, सगळ्या. मी शेजारी उभा असतो.

पूर्वी मला तिचा हेवा वाटायचा. आता वाटतो तो त्या माणसाचा, ज्यानं एका घाबरलेल्या मुलीला जवळ बोलावून तिच्या हातात ओळंबा दिला होता. त्याला ती सर म्हणायची. मी खूप आठवून बघतो, पण तो दिवस मला आठवत नाही.

शेवटची भिंत वाजवून झाली की ती थापी गवंड्याला परत देते. "ठीक आहे, साहेब," मला म्हणते, आणि पुढच्या शनिवारची वेळ सांगून निघून जाते.